निरंक

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी रात्री आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी मेसेज टाकला. "पाण्याला वास येतो अशी एक तक्रार आली आहे. कुणाला जुलाब-उलट्यांचा त्रास होत असल्यास कळवावे." सकाळपर्यंत त्याखाली सहा अंगठे, दोन जोडलेले हात आणि कुणीतरी पाठवलेला विठोबा. दुपारी सेक्रेटरींनीच पुढं लिहिलं, "कुणालाही त्रास नाही असे दिसते. विषय बंद."

मी मेथी निवडत होते. तशीच उठले, नातवाची अर्धी कोरी वही शोधली आणि पायात चपला सरकवल्या. आमचे हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "झाल्या का सिस्टर ड्युटीवर हजर?"

जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात मी ३४ वर्षं काढली. आधी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स, शेवटी आरोग्य सहाय्यिका. आता कोपरखैरणेत लेकाकडे असतो. आमच्या खात्यात एक शब्द रोज वापरला जातो, निरंक. अहवालातल्या रकान्यात लिहायला आकडा नसेल तर "निरंक" लिहायचं. म्हणजे मी गेले, विचारलं, पाहिलं, काही सापडलं नाही. रकाना कोरा असेल तर मात्र काहीही असू शकतं. कुणी गेलंच नसेल. गेलं असेल पण लिहिलं नसेल. लिहिलेला कागद साहेबांच्या टेबलाखाली पडला असेल. नव्या पोरींना हा फरक ट्रेनिंगमध्ये सांगतात आणि त्या मान डोलावतात. मीही डोलावली होती. कळला तो ऑक्टोबर १९९३मध्ये, किल्लारीच्या बाजूला.

भूकंप झाला ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, लोक गणपती बोळवून उशिरा झोपलेले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून १० हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा शहापूर तालुक्यात एका उपकेंद्रावर होते, लग्नाला दोन वर्षं झालेली. ठिकठिकाणहून पथकं निघाली, त्यात आमचीही एक जीप. पुणे, सोलापूर, उमरगा. सहाव्या दिवशी पोचलो. पाऊस लागून राहिला होता. तिकडची घरं दगड-मातीची, दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच सगळं अंगावर आलं होतं. त्याबद्दल खूप लिहून झालंय, मी आणखी लिहीत नाही.

आम्हाला काम दिलं होतं साथरोग सर्वेक्षणाचं. भूकंपाच्या जागी सर्वेक्षण म्हटलं की लोकांना वाटतं भिंतींचे तडे मोजायला आले. आम्ही जुलाब मोजत होतो.

पोचल्या पोचल्या सगळ्यांचा प्रश्न एकच, मढ्यांमुळं साथ येणार का? स्वयंसेवक नाकाला फडकी बांधून फिरत होते आणि टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची पोती ढिगाऱ्यांवर उधळत होते, होळीत राख उधळावी तशी. आमच्या पथकाचे डॉक्टर शांत माणूस, पण ते पाहून त्यांचा आवाज चढला. भिंतीखाली गेलेला माणूस आदल्या रात्री धडधाकट जेवलेला असतो. त्याच्या अंगात कॉलरा नसतो की गोवर नसतो. पटकी-बिटकीनं गेलेल्याची गोष्ट वेगळी. साथ आणतात ती जिवंत माणसं, एका पत्र्याखाली दहा-बारा कोंबलेली, एका टँकरवर तीनशे घागरी लावलेली, आणि संडासाला जायला आडोसाच नसलेली. ती पावडर विहिरीत आणि टाकीत पाहिजे होती. शिवाय पोतं एकदा उघडून पावसाच्या हवेत ठेवलं की त्यातला क्लोरीन उडायला लागतो, काही दिवसांनी मागे राहतो तो नुसता पांढरा चुना. मी पुढचे चार दिवस उघडी पोती बांधत हिंडले. आरोग्यसेवा म्हणजे सुतळी, असं तेव्हा वाटायचं.

रोज सकाळी वस्त्यांवर जायचं, संध्याकाळी पाचला तक्ता भरायचा. डाव्या बाजूला वस्त्यांची नावं, वर आजार. पातळ जुलाब, रक्ताची आव, ताप आणि पुरळ, कावीळ, खोकला-धाप, धनुर्वात, कुत्रं चावलेलं. निदान आमच्याकडून अपेक्षित नव्हतं, लक्षण मोजा म्हणायचे. पण लक्षण विचारणं तरी कुठं सोपं? "जुलाब होतात का" म्हटलं की म्हाताऱ्या म्हणायच्या, "न्हाई, घेतलाच न्हाई." त्यांच्या लेखी जुलाब म्हणजे पोट साफ करायचा काढा. मग ढाळ म्हणून पाहिलं, हगवण म्हणून पाहिलं. शेवटी विचारायला लागले, "काल दिवसाकाठी किती वेळा टमरेल उचललं?" तीन किंवा जास्त वेळा पातळ, की माझ्या तक्त्यात एक रेघ. बायका हे आमच्यातल्या पुरुष आरोग्य सेवकांना सांगत नसत. ते ज्या वस्तीवरून येत तिथला आकडा नेहमी कमी, मी गेले की वाढायचा. लातूरच्या कार्यालयातून एकदा विचारणा झाली म्हणे, की या बाई जिथं जातात तिथंच जुलाब कसे लागतात.

आकडे फुगण्याचीही गंमत होती. प्रत्येक मोकळ्या रानात एक वैद्यकीय शिबिर. सरकारी, लष्करी, कॉलेजांची, ट्रस्टांची. एक आजी पत्र्याच्या शेडबाहेर बसलेल्या. मी खाली बसून लिहायला लागले तशा म्हणाल्या, "काय लिहलालाव बाई?" मी पोटाचं विचारलं. त्यांनी कमरेची चंची सोडली. सुपारी, चुन्याची डबी, आणि गोळ्यांच्या चार पुड्या, चारी पुड्या चार वेगवेगळ्या शिबिरांच्या. चारही ठिकाणच्या रजिस्टरला त्यांचं नाव लागलं असणार, म्हणजे वरच्या बेरजेत जुलाबाचे चार रुग्ण. "आजी, यातल्या कुठल्या घेतल्या?" तर म्हणाल्या, "येकबी न्हाई. लई कडू हायत."

म्हणून डॉक्टर रोज संध्याकाळी तक्त्यावर बोट ठेवून एकच विचारायचे: रुग्ण वाढले की मोजणारे वाढले? कालपेक्षा आज दुप्पट जुलाब दिसले, तर आधी बघायचं की काल दोन शिबिरं होती आणि आज पाच झाली का. आणि भागायचं कितीने? गावाची शिरगणती कागदावर होती, पण त्यातली किती माणसं उरली, किती नातेवाइकांकडे गेली, किती पाहुणे रडायला आले, किती नुसते बघायला आले, कुणाला ठाऊक? शेवटी मी शेडमधल्या चुली मोजायला लागले. चूल पेटली म्हणजे पाच माणसं, असा ढोबळ हिशेब. तो बऱ्यापैकी बरोबर निघाला, हे मी आजही थोड्या गर्वानं सांगते.

डॉक्टरांनी आम्हाला एक पंचांगही शिकवलं होतं. पहिल्या आठवड्यात जखमा. धनुर्वात तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही डोकं काढतो, म्हणून जखम बरी दिसली तरी जबडा विचारायचा, तोंड पूर्ण उघडतं का, गिळता येतं का. गोवर लागण झाल्यापासून पुरळ यायला दोन आठवडे घेतो, म्हणजे गर्दीत आज एक पोर फणफणलं की पुढची पोरं पंधरवड्यानं. कावीळ सगळ्यात लबाड. आज प्यालेलं घाण पाणी महिन्याभरानं डोळ्यांत पिवळं दिसतं, तोवर शिबिरं उठलेली, वर्तमानपत्रवाले गेलेले, आमच्यासारखी पथकंही आपापल्या गावी. आपत्तीत सगळ्यांचं लक्ष पहिल्या आठ दिवसांवर, आणि रोगांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. माझी तक्रार आजही तीच आहे. मदत लोंढ्यानं येते आणि लोंढ्यानंच जाते. रोज पाचला तक्ता भरणारं माणूस तिसऱ्या महिन्यात लागतं.

आता त्या शून्याचं सांगते.

मुख्य रस्त्यापासून आत, ओढ्यापलीकडे एक लहान वस्ती होती. नाव लिहीत नाही. तिथली माहिती तिथलाच एक आरोग्य सेवक आणून द्यायचा. एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाच वाजले होते, सहाच्या आत आकडे तालुक्याला फोनवरून सांगायचे होते, आणि लाईन मिळणं हीच मोठी कमाई. तक्त्यात त्या वस्तीची ओळ कोरी. कोरी ओळ वाचून दाखवली की पलीकडचा कारकून ओरडायचा, "बाई, काहीतरी सांगा, बेरीज अडते." मी पेनानं सात रकान्यांत सात शून्यं काढली. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. हात सरावला होता, शून्यं गोल यायला लागली होती.

पाचव्या दिवशी डॉक्टर तक्ता चाळताना थांबले. "हे शून्य कुणी मोजलं?"

मी काही बोलले नाही. त्यांनीही आवाज चढवला नाही. जीप काढली. ओढ्याला पाणी होतं, शेवटचा एक किलोमीटर चिखलातून चालत गेलो. वस्तीवर ९ मुलांना जुलाब लागलेले, त्यातली तिघं डोळे खोल गेलेली. पोटाची कातडी चिमटीत धरली तर उठलेली सुरकुती तशीच उभी. टँकर ओढ्यामुळं तिकडे जातच नव्हता. लोक एका जुन्या आडाचं पाणी पीत होते, त्याचा कठडा आत ढासळलेला आणि पावसाचं रानातलं सगळं पाणी सरळ आडात उतरत होतं. मी ओटी टेस्टची नळी काढली, पाणी भरलं, थेंब टाकले. क्लोरीन असला की पाणी पिवळं होतं. ती नळी माझ्या हातात बराच वेळ तशीच होती, ढगाळ उजेडात, गढूळ, पण पिवळेपणाचा लवलेश नाही.

तो आरोग्य सेवक तिथंच सापडला, शेडच्या खांबाला टेकून बसलेला. त्याची बायको आणि थोरला मुलगा त्या पहाटे गेले होते. पहिले पाच-सहा दिवस तो कामावर येत राहिला आणि मग एका सकाळी त्याला उठवेना. आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. तोही त्याच ढिगाऱ्याखालून निघालाय हे आमच्या तक्त्याला माहीत नव्हतं.

दोन मुलांना जीपमधून लातूरला पाठवलं. बाकीच्यांना रात्रभर वाटी-चमच्यानं जलसंजीवनी पाजली. लातूरला गेलेली दोघं आठव्या दिवशी परत आली, हे माझं नशीब. त्या पोरांचं नशीब म्हणायला हवं खरं तर. परतल्यावर डॉक्टरांनी माझ्याच पेनानं त्या तीन दिवसांची शून्यं खोडली आणि प्रत्येक रकान्यात लिहिलं, "अहवाल अप्राप्त."

नंतरच्या नोकरीत हा शब्दांचा खेळ पुष्कळदा समोर आला. पोलिओच्या वेळी, १९९७नंतर, लुळ्या पडलेल्या मुलांचा साप्ताहिक अहवाल असायचा आणि एकही रुग्ण नसला तरी तो पाठवावाच लागे. वर एक गोम होती. पोलिओ नसतानाही इतर कारणांनी मुलांना अचानक लुळेपणा येतो, १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक तरी. त्यामुळं एखादा जिल्हा सतत निरंक पाठवू लागला तर त्याला शाबासकी मिळत नसे, पथक तपासायला येई. पुढं २००४ला एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आला, आम्हा गावोगाव फिरणाऱ्या माणसांना एस फॉर्म, डॉक्टरांना पी, प्रयोगशाळेला एल. आठवडा सोमवार ते रविवार. आता ते सगळं संगणकावर भरतात. खोटं शून्य संगणकावर तर आणखी सुबक दिसतं.

किल्लारीनंतर वर्षभरानं, ऑगस्ट १९९४मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडायला लागले आणि पाठोपाठ गाठीचा प्लेग. मग सुरत. भूकंपाच्या धास्तीनं लोकांनी घरं सोडली, धान्य आत राहिलं, उंदरांची चंगळ झाली, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. आमच्या तक्त्यात कुत्र्याला रकाना होता, उंदराला नव्हता. मेलेला उंदीर ही बातमी आहे हे गावातल्या म्हाताऱ्यांना आमच्याआधी माहीत होतं.

निवृत्तीनंतर वेळ आहे म्हणून वाचते. कॅलिफोर्नियात नॉर्थरिजला १७ जानेवारी १९९४ला भूकंप झाला, तेव्हा डोंगर घसरून धूळ उडाली आणि त्या धुळीतल्या बुरशीनं २०३ जणांना फुप्फुसाचा ताप आला, तिघं गेले. धुळीतून आजार, हा रकाना आमच्यापैकी कुणाला सुचला असता? हैतीची गोष्ट तर मी दोनदा वाचली. भूकंप जानेवारी २०१०चा. सगळ्यांच्या नजरा राजधानीतल्या छावण्यांवर. कॉलरा आला ऑक्टोबरमध्ये, आणि तोही छावण्यांत सुरू न होता दूर आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं मैलापाणी नदीच्या उपनदीत गेलं होतं. ८ लाखांहून जास्त रुग्ण, १० हजारांच्या जवळपास मृत्यू. छावण्यांत निदान क्लोरीनचं पाणी होतं, नदीकाठच्या खेड्यांत नदीच होती. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी माफी मागितली डिसेंबर २०१६मध्ये. मला ओढ्यापलीकडची वस्ती आठवली. आपण जिथं उभे असतो तिथलंच मोजतो.

आपल्याकडे डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८पासून धक्क्यांचं सत्र सुरू झालं, तेव्हा लोक थंडीत तंबूत झोपत होते. माझी एक जुनी मैत्रीण त्या बाजूला होती. (पूर्वी तो सगळा ठाणे जिल्हाच, पालघर वेगळा झाला २०१४ला, आमच्या बोलण्यात अजून ठाणेच येतं.) तिनं फोनवर विचारलं, "काय काय बघू गं?" मी म्हटलं, पोरांचा खोकला बघ, तंबूत चूल पेटवतात का ते बघ, आणि तुझ्या सेविका रात्री कुठं झोपतात ते आधी बघ.

तर, वही. आमच्या तीन विंग, ४८ घरं. बुधवारी दुपारी चारला ए विंगपासून सुरुवात केली. लोकांना वाटलं वर्गणी मागायला आले. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी दार लावून घेऊन हळू आवाजात सांगितलं, "काकू, सोमवारपासून घरात तिघांना चालू आहे. पण असलं ग्रुपवर काय लिहायचं? सासरे आहेत ग्रुपवर." रात्रीपर्यंत ४१ घरं झाली. ९ घरांत मिळून १४ जणांना जुलाब, त्यातली ८ घरं बी विंगची. नवव्या घरातला मुलगा बी विंगमध्ये शिकवणीला जातो, पाण्याची बाटली तिथंच भरतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे डोकावले. तो म्हणाला, "मावशी, ओआरएसची पाकिटं सोमवारपासून संपलीच आहेत, तुमच्याच बिल्डिंगची पोरं नेतात." म्हणजे ग्रुपपेक्षा त्याला जास्त माहिती होती.

सेक्रेटरींना वही दाखवली. वाचून झाल्यावर त्यांचं पहिलं वाक्य, "काकू, हे ग्रुपवर टाकू नका हं. बी विंगमधले दोन फ्लॅट विक्रीला आहेत." मी म्हटलं, टाकत नाही, तुम्ही आत्ता नागरी आरोग्य केंद्राला फोन लावा. दुसऱ्या दिवशी एक तरुण कर्मचारी ओटीची बाटली घेऊन आला. ए विंगचा नळ, पिवळं. सी विंगचा नळ, पिवळं. बी विंगचा नळ, काही नाही. महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येईपर्यंत ठीक होतं, आमच्या गेटाच्या आत आल्यावर बिघडलं होतं. बी विंगच्या जमिनीखालच्या टाकीचं झाकण एका कोपऱ्यात फुटलेलं, आणि हातभर अंतरावर ड्रेनेजचा चेंबर तुंबून वाहत होता. त्या पोरानं नळी उजेडात धरली तेव्हा मी उगीचच त्याच्या हाताकडे बघत राहिले.

टाकी उपसली, धुतली, झाकण बदललं, पाण्याचे नमुने गेले. आठ दिवस मी रोज संध्याकाळी पाचला बी विंगची एक फेरी मारली. पोरं मला "जुलाबवाल्या आजी" म्हणायला लागली.

सात घरं कुलूपबंद होती. त्यांच्यापुढं मी "कुलूप" लिहून ठेवलं होतं. सहा घरं एकेक करून उघडली. सातवं, ए ३०४, रविवारी रात्री उघडं दिसलं, दाराबाहेर ओल्या चपला आणि नारळांचं पोतं. मी वही घेऊन वर गेले.

"काकू, आम्ही दहा दिवस चिपळूणला होतो, आत्ताच येतोय. इथलं पाणी प्यालोच नाही."

"तिकडे कुणाला पोटाचं काही?"

"नाही हो."

"बाळाला?"

"नाही."

दारातच उभ्यानं लिहिलं. ए ३०४, निरंक.